पूरक उपचार जरूर करा, पण इन्सुलिनला हात लावू नका

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराच्या सुमारास अकरा वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिचे वडील आणि आजी आले. दोन दिवस उलट्या, पोटात दुखणे, आणि आता श्वास जोरजोरात चालला होता. गावातल्या कुणीतरी "दमा असेल" म्हणून सांगितले होते. मुलीच्या जवळ वाकल्यावर तोंडाला पिकलेल्या फळांसारखा वास आला आणि मग फार काही विचारायची गरज उरली नाही. ग्लुकोमीटरवर साखर ४८६. लघवीत कीटोन भरपूर. रात्रभर सलाईन, इन्सुलिनची ड्रिप, पोटॅशियमवर लक्ष. सकाळी सहाच्या सुमारास तिने डोळे उघडून पाणी मागितले तेव्हा आजी रडायला लागल्या.

या मुलीला टाइप १ मधुमेह आहे हे घरच्यांना चौदा महिन्यांपासून माहीत होते. इन्सुलिन चालू होते. मग कुणीतरी एक चकचकीत पत्रक आणून दिले. त्यावर लिहिले होते, 'इन्सुलिनला आयुर्वेदिक पूरक उपचार'. आधी चूर्ण सुरू झाले, मग काढा, मग फोनवरून सल्ला आला की आता डोस हळूहळू कमी करा. तीन आठवड्यांत डोस निम्म्यावर आला आणि शेवटच्या चार दिवसांत रात्रीचे इन्सुलिनही बंद झाले. वडील मला म्हणाले, "साहेब, ते पूरक आहे म्हणाले होते हो."

आजचा लेख या 'पूरक' शब्दाबद्दल आहे. माझे भांडण आयुर्वेदाशी नाही. या शब्दाच्या आडून चालणाऱ्या लबाडीशी आहे, आणि थोडेसे माझ्याच व्यवसायबंधूंशीही आहे. त्यांच्याकडे शेवटी येतो.

पूरक म्हणजे काय? जे आहे ते तसेच ठेवून वर भर घालणारे. जेवणात ताटाला कोशिंबीर पूरक असते. कोशिंबीर वाढली म्हणून कुणी भाकरी काढून घेत नाही. ज्या दिवशी 'पूरक' उपचार करणारा माणूस तुम्हाला "इन्सुलिन दोन युनिट कमी करून बघा" म्हणतो, त्या दिवशी तो उपचार पूरक राहिलेला नसतो, तो पर्याय झालेला असतो. आणि टाइप १ मधुमेहात इन्सुलिनला पर्याय नाही. हे वाक्य मी ठासून लिहितो आहे, कारण इतर अनेक आजारांत मी इतका ठाम नसतो.

मधुमेह हा एक शब्द आपण दोन अगदी वेगळ्या आजारांसाठी वापरतो, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. तुमच्या काकांना पन्नाशीत झालेला, पोट सुटलेल्या माणसाला होणारा, तो टाइप २. त्यात स्वादुपिंड इन्सुलिन बनवत असते, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही, आणि पुढे पुढे ते पुरतही नाही. वजन उतरवले, खाणे सुधारले, चालायला लागले, तर यातल्या काहींची औषधे कमी होतात, क्वचित काही काळ बंदही होतात. इन्सुलिनवर असलेल्यांचे इन्सुलिनही सुटू शकते. हे खरे आहे आणि आनंदाचे आहे.

टाइप १ ची गोष्ट निराळी. इथे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना परके समजून मारून टाकते. इन्सुलिन बनवणारा कारखानाच बंद पडतो. साखर जास्त खाल्ल्याने हा आजार होत नाही, आईने गरोदरपणात काही चुकीचे खाल्ले म्हणून होत नाही, कुणाच्या पापामुळे तर मुळीच होत नाही. बहुतेक वेळा लहानपणी किंवा तरुणपणी होतो, पण चाळिशीतही होऊ शकतो. अशा रुग्णाला इन्सुलिन बाहेरून मिळाले नाही तर रक्तात साखर भरपूर असूनही पेशी उपाशी राहतात, शरीर चरबी जाळू लागते, त्यातून कीटोन नावाची आम्ले साठतात आणि रक्त आम्लधर्मी होते. त्या मुलीचा जोरजोरात चाललेला श्वास म्हणजे शरीराची ते आम्ल बाहेर फेकायची धडपड होती.

आता जाहिराती पाहा. 'सोळा वर्षांचे इन्सुलिन तीन महिन्यांत बंद' असा अनुभव सांगणारे गृहस्थ साठीचे असतात, टाइप २ चे असतात. आणि तो व्हिडिओ बघत असते अकरा वर्षांच्या मुलीची आई. ती तो आपल्या लेकीसाठी बघत असते. तिला कुणी सांगत नाही की या गृहस्थांचा आजार वेगळा आणि तुझ्या मुलीचा वेगळा.

"पण डॉक्टर, आमच्या ओळखीच्या एका मुलाचे टाइप १ असूनही इन्सुलिन कमी झाले," असे मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी ऐकवते. झाले असेल. का, ते समजून घ्या, कारण ही माहिती प्रत्येक टाइप १ च्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी मिळायला हवी आणि बहुतेकांना ती मिळत नाही.

आजार कळतो तेव्हा सगळ्या बीटा पेशी मेलेल्या नसतात. काही शिल्लक असतात, पण वाढलेल्या साखरेच्या माऱ्याने निपचित पडलेल्या असतात. इन्सुलिन सुरू झाले की साखर खाली येते, या उरलेल्या पेशींना उसंत मिळते आणि त्या पुन्हा थोडेफार काम करू लागतात. मग बाहेरच्या इन्सुलिनची गरज कमी होते, कधीकधी अगदी चार-सहा युनिटांवर येते. याला आम्ही 'हनीमून' काळ म्हणतो. नाव जरा विचित्र आहे, पण रूढ झाले आहे. हा काळ काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत टिकतो, क्वचित वर्षाच्या पुढेही जातो. त्यानंतर प्रतिकारशक्तीचा हल्ला उरलेल्या पेशीही संपवतो आणि गरज पुन्हा वाढते.

आता विचार करा. या काळात त्या मुलाला कुणी चूर्ण दिले, भस्म दिले, ताईत बांधला, किंवा नवस बोलला, तर श्रेय कुणाला जाईल? डोस उतरताना दिसतो, घरात आनंदीआनंद, पत्रक देणारा म्हणतो "बघा, मुळापासून बरा होतोय". मग डोस शून्यावर आणायचा मोह होतो. काही महिन्यांनी साखर वाढते तेव्हा म्हणतात, "तुम्ही पथ्य मोडले असणार." दोष पुन्हा आईच्याच माथी. त्या मुलीच्या बाबतीत नेमके हेच घडले. हनीमून उतरणीला लागला होता आणि डोस वाढवायची वेळ आली होती, तेव्हाच तो कमी केला गेला.

इन्सुलिनची 'सवय लागते' हा आणखी एक लाडका समज. तहान लागल्यावर पाणी पिण्याची आपल्याला सवय लागते का? इन्सुलिन हे बाहेरचे रसायन नाही. प्रत्येक निरोगी माणसाच्या अंगात ते या क्षणी तयार होत आहे. ज्याच्यात होत नाही, त्याला ते सुईने द्यावे लागते, कारण ते प्रथिन आहे आणि तोंडाने दिले तर पोटात डाळीसारखे पचून जाते. कारल्यात 'वनस्पती इन्सुलिन' असते म्हणून रस पाजणाऱ्यांनी हा मुद्दा लक्षात घ्यावा. समजा तसे प्रथिन कारल्यात असले, तरी ते पिऊन त्याचे तेच होणार जे इन्सुलिन पिऊन होईल. आणि कुंडीत लावतात ते 'इन्सुलिनचे झाड'! त्याच्या पानात इन्सुलिन नसते. नाव कुणीतरी ठेवले आणि रोपवाटिकांचा धंदा बरा चालला, इतकेच.

थोडे इतिहासात जाऊ, कारण यात मला सर्वांत मोठा पुरावा दिसतो. इन्सुलिन येण्यापूर्वी जगभर मधुमेही मुलांना काय देत होते? पथ्य, उपास, कडू पाले, व्यायाम. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, कारण त्याने ती काही महिने, क्वचित एखाद-दोन वर्षे जास्त जगत. मुले हाडांचे सापळे होत आणि तरी शेवटी जात. टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले. अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. कॉलिप यांनी तो शुद्ध केला, २३ जानेवारीपासून पुन्हा दिला, आणि साखर उतरली, कीटोन गेले. मरणाच्या दारातला तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षे जगला. आज हे इंजेक्शन घेणारी माणसे नातवंडे खेळवतात.

आपल्याकडे मधुमेहाचे ज्ञान हजारो वर्षांचे आहे, याचा मला अभिमान आहे. गोड लघवी आणि तिच्याकडे धावणाऱ्या मुंग्या आपल्या पूर्वजांनी टिपल्या होत्या. प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले. सुश्रुतसंहितेत तर दोन गट वेगळे केले आहेत, एक सहज म्हणजे जन्मजात आणि दुसरा अपथ्याने होणारा. पहिल्यातला रुग्ण कृश, कमी खाणारा, सतत तहानलेला. दुसऱ्यातला स्थूल, खूप खाणारा. आजचे टाइप १ आणि टाइप २ म्हणजे हुबेहूब हेच, असा दावा मी करणार नाही, पण निरीक्षण किती बारीक होते पाहा. आणि चरकसंहिता काय सांगते? आईवडिलांकडून बीजदोषाने आलेला प्रमेह असाध्य आहे. असाध्य! ज्यांनी हे शास्त्र रचले, त्यांनी आपली मर्यादा प्रामाणिकपणे लिहून ठेवली. आज त्यांच्या नावाने चूर्ण विकणारा मात्र 'शंभर टक्के हमी' देतो. आयुर्वेदाचा अपमान कोण करतो, हे तुम्हीच ठरवा.

कायद्याचेही सांगतो. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आपल्या देशात आहे. ज्या आजारांवर 'बरे करतो' अशी जाहिरात करायला बंदी आहे, त्यांच्या यादीत मधुमेह आहे. म्हणजे ते पत्रक छापणे हाच गुन्हा होता. कुणी पकडतो का, हा वेगळा प्रश्न.

"मग वनौषधींचा काहीच उपयोग नाही का?" असे विचाराल. प्रामाणिक उत्तर देतो. टाइप १ वर काही अभ्यास झाले आहेत आणि दोन तर आपल्याच देशातले, दोन्ही १९९० साली प्रसिद्ध झालेले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी मेथीचा प्रयोग केला. दहा दिवस मेथीची पूड जेवणातून दिल्यावर रुग्णांची रक्तातली साखर आणि लघवीतून जाणारी साखर बरीच कमी झाली. छान. पण मात्रा किती होती? दिवसाला १०० ग्रॅम, तीही तेल काढून टाकलेल्या मेथीची पूड. तुम्ही रात्री भिजवता तो चमचा चार-पाच ग्रॅमचा असतो. आणि हे सगळे रुग्ण इन्सुलिन घेतच होते. मेथीत भरपूर तंतू असतात, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश जाते. तो परिणाम खरा आहे, पण तो इन्सुलिनच्या जोडीला आहे.

दुसरा अभ्यास मद्रासच्या संशोधकांचा, गुडमार म्हणजे मधुनाशिनीच्या पानांच्या अर्कावर. इन्सुलिनवर असलेल्या २७ रुग्णांना दिला, इन्सुलिनची गरज कमी झाली असे नोंदले. जाहिरातींत ज्याचा उल्लेख 'वैज्ञानिक पुरावा' म्हणून होतो तो बहुतेक वेळा हाच. पण रुग्ण मोजके, कोणाला खरे औषध आणि कोणाला नुसती गोळी हे गुप्त ठेवून केलेली तुलना नाही, आणि इन्सुलिन कुणाचेही बंद करून उपचार केलेला नाही. अशा अभ्यासावरून पुढचा मोठा अभ्यास करावा असे म्हणता येते, मुलाची सुई काढावी असे म्हणता येत नाही. गुडमारचे पान चावल्यावर तासभर साखर जिभेला वाळूसारखी लागते, हे मात्र स्वतः करून बघण्यासारखे आहे. पण जिभेवरची गोडी जाणे आणि रक्तातली साखर जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

म्हणून 'मुळापासून' बरा करतो म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा. "सी-पेप्टाइडचा आधीचा आणि सहा महिन्यांनंतरचा रिपोर्ट दाखवता का?" शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते, हे या रक्तचाचणीत कळते. मूळ जर दुरुस्त झाले असेल तर ते तिथे दिसलेच पाहिजे. मी आजवर अनेक कुटुंबांना हा प्रश्न घेऊन पाठवले आहे. रिपोर्ट घेऊन कुणी परत आलेले नाही. (एखाद्याचे निदानच चुकलेले असू शकते. टाइप १ समजून इन्सुलिनवर ठेवलेला तरुण खरे म्हणजे दुसऱ्या प्रकारचा मधुमेही निघतो. शंका असेल तर सी-पेप्टाइड आणि अँटीबॉडी तपासून तज्ज्ञाकडून खात्री करून घ्या. पण तपासणी आधी, डोसला हात नंतर.)

आता काय करावे आणि काय टाळावे, तेही सांगतो, कारण नुसते 'नको नको' म्हणणारा डॉक्टर मला आवडत नाही.

आयुर्वेदाची दिनचर्या टाइप १ च्या रुग्णाला फार उपयोगाची आहे. ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी झोप, जेवणानंतर शतपावली, रोज व्यायाम. माझ्या मते या आजारात अर्धी शिस्त यातूनच येते. योगासने आणि प्राणायाम अवश्य करा. त्याने मन शांत राहते, झोप सुधारते, आणि सतत साखर मोजत जगणाऱ्या तरुण मुलामुलींना त्याची खरोखर गरज असते. फक्त दोन पथ्ये पाळा. व्यायामाआधी साखर मोजा, आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा, कारण व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. साखर २५० च्या वर असून लघवीत कीटोन असतील त्या दिवशी व्यायाम करू नका, सूर्यनमस्कारसुद्धा.

स्वयंपाकघरातली हळद, आवळा, मेथी, कारल्याची भाजी, दालचिनी खुशाल खा. निशा-आमलकी म्हणजे हळद आणि आवळा, ती वैद्यांची जुनी जोडी आहे. जेवणाच्या प्रमाणात घेतली तर मी कुणाला अडवत नाही. पण 'मधुमेहाला भाकरी चालते' म्हणून तीन भाकऱ्या खाऊन त्यांचा हिशेब न धरणे चूक. ज्वारी-नाचणीतही पिष्ट असते आणि त्याप्रमाणात इन्सुलिन लागतेच. गूळ आणि मध नैसर्गिक आहेत हो, साखरही उसातूनच येते! च्यवनप्राश, अवलेह, आसव-अरिष्टे यांत साखर किंवा गूळ असतो, हे घेणाऱ्याला बरेचदा माहीतच नसते.

अभ्यंग करा, चांगला आहे. जिथे इंजेक्शन घेता तिथे नुकतेच टोचल्यावर चोळू नका आणि लगेच कडकडीत पाण्याने आंघोळही नको, इन्सुलिन भराभर शोषले जाते आणि साखर अचानक पडू शकते. पायांना तेल लावा, बोटांच्या बेचक्यांत मात्र ओल राहू देऊ नका.

लंघन, वमन, विरेचन या गोष्टींबाबत मी कडक आहे. निरोगी माणसाला एक दिवस जुलाब करवले तर थकवा येईल. टाइप १ च्या रुग्णाच्या अंगातले पाणी गेले, पोटात काही टिकेना, आणि "आज खाल्ले नाही म्हणून इन्सुलिन नको" असे कुणी ठरवले, तर चोवीस तासांत तो आयसीयूत असू शकतो. पंचकर्माच्या शिबिरात असे घडू शकते. संकष्टी-एकादशीचा उपासही तज्ज्ञाला विचारून, डोस जुळवून घेतल्याशिवाय नको. मुलांनी तर नकोच. देव रागावत नाही.

भस्मे आणि रसकल्प स्वतःच्या मनाने घेऊ नका. प्रमेहासाठी दिल्या जाणाऱ्या वसंतकुसुमाकर रसात नागभस्म असते. नाग म्हणजे शिसे. रससिंदूर असतो, तो पाऱ्याचा. जाणकार वैद्य ती कधी, किती, किती दिवस द्यायची याचा विचार करतात. ऑनलाइन मागवणारा तो करत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ आणि २००८ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही वेळा सुमारे पाचातल्या एका उत्पादनात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. मधुमेह्याच्या मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, त्यात हे. बिनलेबलच्या पुड्यांमध्ये तर साखर कमी करणाऱ्या ॲलोपॅथिक गोळ्या कुटून मिसळल्याचे प्रकार अनेक देशांत उघडकीस आले आहेत.

आणखी एक सावधगिरी. टाइप १ हा मुळात प्रतिकारशक्ती भलत्या दिशेला वळल्याने होणारा आजार आहे. तिथे 'इम्युनिटी वाढवा' हा सल्ला जरा जपूनच घ्यावा. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घराघरांत उकळत होते. त्यानंतर २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, आणि त्याचे स्वरूप प्रतिकारशक्तीने यकृतावर केलेल्या हल्ल्यासारखे होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद राहू द्या. थायरॉइड किंवा टाइप १ सारखा असा एक आजार अंगात असताना रोज काढा पिण्याची घाई मी करणार नाही.

काही पूरक सुरू करायचेच असेल तर एका वेळी एकच करा. आधी दोन आठवडे साखरेची वही नीट लिहा, मग सुरू करा, मग पुन्हा दोन आठवडे लिहा. वैद्यांना इन्सुलिनचा डोस सांगा आणि आम्हाला चूर्णाचे नाव सांगा. खरोखरच साखर उतरायला लागली तर आम्हीच डोस कमी करू, आम्हाला सुया टोचायची हौस नाही. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. त्या वेळी भाकरी नको, बिस्कीट नको, आणि चूर्ण तर नकोच. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

ताप, जुलाब, उलट्या अशा दिवसांत इन्सुलिनची गरज बहुधा वाढते. मूल खात नसले तरी लांब पल्ल्याचे इन्सुलिन कधीही बंद करायचे नाही. दर दोन-चार तासांनी साखर मोजायची, लघवीतले कीटोन पट्टीने बघायचे, आणि उलट्या थांबत नसतील तर सकाळची वाट बघायची नाही. सिरिंजही एकदा तपासा. चाळीस युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, शंभर युनिटची सिरिंज नारिंगी टोपणाची. चुकीची वापरली तर डोस अडीच पटींनी चुकतो. फ्रीज नसेल तर इन्सुलिन मडक्यात ठेवता येते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

आता माझ्या व्यवसायबंधूंकडे वळतो. त्या मुलीच्या वडिलांना मी विचारले, "निदान झाले तेव्हा काय सांगितले होते?" ते म्हणाले, "आयुष्यभर सुई, एवढंच सांगितलं. पुढचा पेशंट आत आला." बस्स. हनीमून काळ येईल, डोस कमी होईल आणि नंतर वाढेल, हे दोन मिनिटांत सांगता आले असते. ते सांगितले असते तर त्या पत्रकाची ताकदच संपली असती. आपण सांगत नाही, मग जो एक तास बसून ऐकतो, चहा पाजतो, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवतो, त्याच्याकडे लोक जातात. आणि "आयुर्वेदिक घेतो" म्हटल्यावर आपण खेकसतो, म्हणून पुढच्या वेळी ते लपवतात. लपवलेले औषध सर्वांत धोक्याचे. पूर्वी मीही खेकसत असे. एका रुग्णाने तीन वर्षे घेतलेला काढा माझ्यापासून लपवला, हे त्याचे मूत्रपिंड बिघडल्यावर मला कळले. तेव्हापासून खेकसणे सोडले.

वैद्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याच गावातले एक ज्येष्ठ वैद्य आहेत. कृश मूल, खूप तहान, वारंवार लघवी, रात्री अंथरुण ओले करायला लागलेले, असे दिसले की ते नाडी नंतर बघतात, आधी माझ्याकडे चिठ्ठी देऊन पाठवतात. गेल्या काही वर्षांत त्यांनी पाठवलेल्या तीन मुलांना टाइप १ निघाला, तिघेही कीटोन वाढण्याआधी हाती लागले. आमच्या काही एमडी मंडळींनी त्याच वयाच्या मुलांना जंताचे औषध देऊन घरी पाठवलेले मी पाहिले आहे.

वडिलांनी दुसऱ्या दिवशी खरे कारण सांगितले. "साहेब, मुलगी आहे. लग्नाच्या वेळी सुई लपवायची कशी?" अकरा वर्षांच्या मुलीच्या लग्नाची चिंता! मला राग आला, मग वाटले की राग त्यांच्यावर काढून काय उपयोग, हा प्रश्न त्यांना विचारणारे आपणच सगळे आहोत. टाइप १ असलेल्या बायका लग्न करतात, साखर आटोक्यात ठेवून सुदृढ बाळांना जन्म देतात, नोकऱ्या करतात, डोंगर चढतात. स्थळ बघताना "मुलीला काही आजार तर नाही ना?" असे कुजबुजत विचारणारे लोकच त्या पत्रकाचे खरे गिऱ्हाईक तयार करतात.

त्या मुलीचे आता बरे चालले आहे. डोस वाढवावा लागला, अपेक्षेप्रमाणे. ती स्वतः सुई घेते, शाळेत बाईंना सांगून ठेवले आहे, दप्तरात ग्लुकोजचा पुडा असतो. पूर्वी आजी तिला पहाटे उठवून कारल्याचा रस पाजत, ती ओकाऱ्या काढत पीत असे. मी आजींना म्हटले, "आज्जी, त्यापेक्षा रोज संध्याकाळी तिच्याबरोबर देवळापर्यंत चालत जा, आणि जाण्याआधी साखर मोजायला लावा." आता त्या जातात. मागच्या आठवड्यात तपासणीला आल्या तेव्हा वही आजींच्याच पिशवीत होती, आकडे पेन्सिलीने लिहिलेले, आणि एका पानावर कारल्याच्या भाजीची नोंदही.